आधी सात अल्बम, मग नवा कॅमेरा

प्रश्न : सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पंधरा वर्षांहून जास्त काळ फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या वाचकाचं हे पत्र. त्यांच्याकडे निकॉन डी७५० ही एकच बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) आहे आणि तिचं शटर काउंट, म्हणजे आजवर काढलेल्या फोटोंचा आकडा, १ लाख ९० हजारांच्या पुढे गेलंय. लेन्समध्ये २४-७० एफ/२.८ जी, ५० एमएम, शिवाय जुन्या ‘डी’ मालिकेतल्या ८५ एमएम आणि ८०-२०० एफ/२.८. कॉम्प्युटर चौथ्या पिढीच्या आय५ चा, ८ जीबी रॅम, विंडोज १०. त्यावर ओळखीच्या मुलाने टाकून दिलेलं लाइटरूम ६ (फोटो निवडायचा आणि सुधारायचा सॉफ्टवेअर) आणि फोटोशॉप, दोन्ही क्रॅक, म्हणजे पैसे न भरता कुलूप तोडून टाकलेले. गावात एका तरुणाने मिररलेस (आत आरसा नसलेला नव्या पद्धतीचा कॅमेरा), गिंबल (हलता कॅमेरा स्थिर धरणारा दांडा) आणि ड्रोन घेऊन काम सुरू केलं आणि या सीझनला दोन ऑर्डरी तिकडे गेल्या. एका नवरदेवाने तर तोंडावर विचारलं, “कॅमेरा कुठला वापरता?” आता डी७५० विकायचा आणि निकॉनची झेड६ थ्री ही मिररलेस बॉडी, अडॅप्टर, गिंबल, ड्रोन असं साडेचार लाखांचं सगळं कर्जावर घ्यायचं, असं त्यांच्या मनात आहे. जुन्या लेन्स अडॅप्टरवर चालतील, असं दुकानदाराने सांगितलंय. बायको म्हणते, एक कर्ज आत्ता कुठे फिटलंय, दुसरं नको. पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ आहे : “गेल्या सीझनचे सात अल्बम अजून द्यायचे राहिलेत, लोकांचे फोन येतात.” कर्ज काढू की नको, असा त्यांचा प्रश्न आहे.

उत्तर :

तुमच्या पत्रातली शेवटची ओळ मी सगळ्यांत आधी घेते, कारण माझ्या मते तुमचा खरा प्रश्न तिथेच आहे. सात अल्बम अडकलेत म्हणजे सात घरं आहेत. त्या प्रत्येक घरी सणासुदीला पाहुणे येतात, “लग्नाचे फोटो बघू” म्हणतात आणि घरातलं कुणीतरी सांगतं, “अजून आले नाहीत.” तालुक्याच्या गावात ही बातमी पसरायला वेळ लागत नाही. गेलेल्या दोन ऑर्डरी त्या तरुणाच्या कॅमेऱ्यामुळे गेल्या, असं तुम्ही धरून चाललाय. तसं असेलही. पण त्या दोन घरांपैकी कुणाशी तुमचं बोलणं झालं का? त्याने हळदीचे फोटो त्याच रात्री मोबाइलवर पाठवले म्हणून तो आवडला असेल, तर त्यात कॅमेऱ्याचा वाटा थोडाच आहे.

नवरदेवाने कॅमेऱ्याचं नाव विचारलं, तेही मी वेगळ्या अर्थाने घेते. गिऱ्हाइकाला फोटोतलं काय चांगलं आणि काय वाईट हे शब्दांत सांगता येत नाही, म्हणून तो मॉडेल विचारतो. त्याला भरवसा हवा असतो. पुढच्या वेळी कुणी विचारलं, तर मॉडेल सांगा आणि लगेच एका लग्नाचा पूर्ण अल्बम पुढ्यात ठेवा. निवडक वीस फोटो सगळ्यांकडेच चांगले असतात. अंतरपाट धरल्यापासून पाठवणीपर्यंत एक लग्न सलग दाखवणारे थोडे, आणि पंधरा वर्षांहून जास्त मुरलेला हात तिथे दिसतो.

आता कॅमेऱ्याकडे येऊ. डी७५० बाजारात आला २०१४ मध्ये, २४.३ मेगापिक्सेलचा. तुम्ही जो झेड६ थ्री घ्यायचं म्हणताय तो २०२४ चा, २४.५ मेगापिक्सेलचा. मधल्या दहा वर्षांत फोटोचा आकार जवळपास तेवढाच राहिला. १२ बाय ३६ च्या शीटवर एकच फोटो आडवा पसरला, तर डी७५० च्या फाइलमधून इंचाला साधारण १६७ पिक्सेल मिळतात. अल्बम हातभर अंतरावरून बघतात, तेवढ्याला ते पुरतात. मोबाइल किंवा टीव्हीवर बघायला तर फोरके स्क्रीनलाही आठ मेगापिक्सेलच्या वर काही लागत नाही. म्हणजे छापून येणाऱ्या फोटोत नव्या बॉडीमुळे डोळ्यात भरेल असा फरक पडणार नाही.

तरीही फरक आहे, आणि तो नाकारून तुम्हाला जुन्यावरच थांबा असं मी सांगणार नाही. मिररलेसचा फोकस डोळ्यावर जाऊन बसतो आणि माणूस हलला तरी सुटत नाही. अक्षतांच्या गर्दीत, वधू मान वळवते तेव्हा, एफ/१.८ वर घेतलेले फोटो जास्त संख्येने शार्प येतात. व्हिडिओत तर तुलनाच नाही, कारण डी७५० फुल एचडीपर्यंतच थांबतो. शिवाय २०२० नंतर निकॉनने किंवा कॅननने एकही नवा डीएसएलआर (डी७५० सारखा आरशाचा कॅमेरा) आणलेला नाही, तेव्हा पुढची वाट मिररलेसचीच आहे. प्रश्न क्रमाचा आहे, आणि काय विकायचं याचा.

दुकानदाराने लेन्सबद्दल जे सांगितलं, ते तुमच्या बाबतीत अर्धंच खरं आहे. निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरवर तुमची २४-७० आणि ५० एमएम जी असेल तर तीही व्यवस्थित फोकस करतील, कारण त्यांची मोटर लेन्समध्येच आहे. ८५ डी आणि ८०-२०० डी मात्र बॉडीतल्या मोटरवर चालतात. माउंटच्या, म्हणजे लेन्स बसते त्या कड्याच्या, कडेला तो छोटा स्क्रूसारखा दांडा दिसतो ना, तो फिरतो तेव्हा लेन्सचा फोकस हलतो. झेड बॉडीत तो दांडा नाही आणि एफटीझेडमध्येही नाही. लेन्स बसेल, मीटरिंग (उजेडाचं मोजमाप) होईल, पण फोकस हाताने करावा लागेल. सप्तपदीच्या वेळी ८०-२०० वर हाताने फोकस करत बसायची तुमची तयारी आहे का? डी७५० विकलात, तर चांगल्या चालणाऱ्या दोन लेन्स कपाटात जातील आणि त्यांच्या जागी नव्या घ्यायला आणखी कर्ज लागेल.

म्हणून डी७५० विकू नका. शटर १ लाख ५० हजार क्लिकपर्यंत तपासलेलं असतं, याचा अर्थ त्या आकड्याला ते बंद पडतं असा नाही. तुमचं १ लाख ९० हजारांवर चालू आहे, कदाचित पुढेही बराच काळ चालेल. पण मुहूर्ताच्या घटकेला ते गेलं तर तुमच्या हातात दुसरी बॉडी नाही, आणि पत्रातली मला सर्वांत जास्त काळजी वाटलेली गोष्ट ती आहे. दुसरी बॉडी तुम्हाला हवीच आहे. ती त्या तरुणाशी बरोबरी करण्यासाठी घेऊ नका, एखाद्या घरचं लग्न हातचं जाऊ नये म्हणून घ्या. तोपर्यंत प्रत्येक मोठ्या ऑर्डरला एक बॉडी भाड्याने आणा. सोलापूर-पुण्यात कॅमेरे भाड्याने मिळतात. मिररलेसच आणलात तर घ्यायच्या आधी हातालाही कळेल.

एक सेटिंग मात्र आजच बदला. डी७५० मध्ये एसडी कार्डाचे दोन स्लॉट आहेत, आणि दुसरं कार्ड ओव्हरफ्लोवर ठेवता येतं किंवा बॅकअपवर. मी पाहिलेले बरेच जण ओव्हरफ्लोवर ठेवतात, म्हणजे पहिलं भरल्यावर दुसरं. ते बॅकअपवर टाका, म्हणजे प्रत्येक फोटो दोन्ही कार्डांवर एकाच वेळी लिहिला जाईल. याला फक्त जास्तीच्या कार्डांचा खर्च येतो. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, आणि घरी दोन ठिकाणी कॉपी झाल्याची खात्री होईपर्यंत पुन्हा वापरू नका. एखादं कार्ड करप्ट झालंच, तर त्यावर एकही नवा फोटो घेऊ नका. आहे तसं काढून ठेवा आणि रिकव्हरीचा सॉफ्टवेअर चालवा. फोटोरेक नावाचा फुकट मिळणारा सॉफ्टवेअर बरेच वेळा काम करतो.

आता अल्बम का अडकतात ते बघू. एका लग्नाचे तीन हजार फोटो धरा. डी७५० ची रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता ठेवलेला मूळ फोटो) साधारण ३० एमबीची, म्हणजे झाले ९० जीबी. यूएसबी २ च्या जुन्या रीडरने ते उतरवायला पाऊण तासाच्या आसपास जातो, यूएसबी ३ चा रीडर आणि बरं कार्ड असेल तर वीस मिनिटांत होतं. त्यानंतर ८ जीबी रॅमवर लाइटरूम उघडून एकेक फोटो बघायचा, तो धूसर दिसतो, दोन-तीन सेकंदांनी स्वच्छ होतो, मग पुढचा. तीन हजार वेळा ते दोन-तीन सेकंद गेले की नुसतं वाट बघण्यातच दोन तास जातात, आणि माणूस कंटाळून उद्यावर ढकलतो. सीझनमध्ये तो उद्या येत नाही. तुमचा अल्बम पहिला अडकतो तो इथे.

साडेचार लाखांतला पहिला रुपया म्हणूनच कॉम्प्युटरवर जायला हवा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि चौथ्या पिढीचा आय५ विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही, तेव्हा हा डबा एरवीही बदलायचाच होता. नव्यात ३२ जीबी रॅम, सिस्टिम आणि चालू कामासाठी एनव्हीएमई एसएसडी (वेगवान डिस्क), आणि ८ जीबी मेमरीचं ग्राफिक्स कार्ड मागा. ग्राफिक्स कार्ड गेम खेळायला नाही सांगत. एप्रिल २०२३ मध्ये लाइटरूममध्ये रॉ फाइलमधला नॉइज (अंधारातल्या फोटोत दिसणारे दाणे) काढणारं डीनॉइज आलं आणि ते सगळं काम ग्राफिक्स कार्डावर करतं. अंधाऱ्या हॉलमध्ये आयएसओ ६४०० वर घेतलेला तुमच्या डी७५० चा फोटो त्यातून काढून बघा. जुन्या बॉडीला नवं आयुष्य मिळतं म्हणतात, ते इथे मी मनापासून म्हणेन.

क्रॅकबद्दल स्पष्ट बोलते. लाइटरूम ६ ही एकदाच विकत घ्यायची शेवटची आवृत्ती होती आणि तिचे अपडेट २०१७ अखेर थांबले. झेड६ थ्रीची रॉ फाइल त्यात उघडणारच नाही. लाइटरूम बनवणाऱ्या अडोबीचा डीएनजी कन्व्हर्टर फुकट आहे, त्यातून फिरवून फाइल उघडता येते, पण प्रत्येक लग्नाला एक पायरी वाढते. दुसरं, क्रॅकसोबत काय येतं हे टाकून देणाऱ्या मुलालाही ठाऊक नसतं. रॅन्समवेअर शिरून सगळ्या फोटोंना कुलूप लागलं, तर सात घरांना काय सांगणार? नव्या लाइटरूमची वर्गणी परवडत नसेल तर डार्कटेबल किंवा रॉथेरपी फुकट आहेत आणि कायदेशीर आहेत, पण हात बसायला वेळ लागतो. लग्नाचं काम करणाऱ्याने अडोबीची फोटोग्राफीची वर्गणी धंद्याच्या खर्चात धरावी, असं माझं मत आहे. वर्षाला एका छोट्या कार्यक्रमाच्या कमाईत ती सहज बसते.

निवड लाइटरूमच्या आधी करा. फोटो मेकॅनिकसारखा सॉफ्टवेअर रॉ फाइलच्या आत असलेला जेपीईजी दाखवतो, त्यामुळे फोटो क्षणात पुढे सरकतो. डोळे मिटलेले, हललेले, एकाच क्षणाचे सहा घेतलेले, हे सगळं बसल्या बैठकीला बाजूला काढा. पाच-सहाशे उरले पाहिजेत. मग तेवढेच लाइटरूममध्ये घ्या. एडिटिंग फोटोगणिक करू नका, उजेडागणिक करा. हळदीचं उदाहरण घ्या. वर पिवळ्या-केशरी कापडाचा मांडव, त्यातून गाळून आलेलं ऊन, अंगाला हळद, आणि कॅमेरा ऑटो व्हाइट बॅलन्सवर, म्हणजे रंगाचा तोल दर फोटोला कॅमेराच ठरवणार. नवरीचा चेहरा एका फोटोत केशरी, पुढच्यात निळसर, तिसऱ्यात हिरवट, आणि तुम्ही प्रत्येकाचा रंग वेगळा सुधारत बसता. मांडवात शिरल्या शिरल्या एक फोटो ग्रे कार्डाचा (रंग जुळवायच्या राखाडी पुठ्ठ्याचा) घ्या आणि व्हाइट बॅलन्स केल्विनमध्ये पक्का करून ठेवा. घरी तो एक फोटो सुधारला की त्या मांडवातले सगळे एकत्र सिंक होतात. स्टेजचं एक, हॉलमधल्या पंगतीचं एक, बाहेरच्या वरातीचं एक, असे चार-पाच गट पडतात, आणि चार दिवसांचं काम एका दिवसावर येतं.

दुसरी अडचण गिऱ्हाइकाकडची, आणि ती तुम्ही लिहिली नसली तरी असणार. लोक सिलेक्शनच देत नाहीत. तीन हजार फोटोंचा पेनड्राइव्ह दिला तर कुठलंही घर गोंधळणार. सासर-माहेरात तो फिरत राहतो आणि चार महिने जातात. तुम्ही निवडलेले पाच-सहाशेच द्या, लहान आकाराचे आणि नंबर घातलेले. बुकिंगच्या कागदावर लिहून घ्या की फोटो मिळाल्यापासून अमुक दिवसांत सिलेक्शन आलं नाही, तर फोटोग्राफरच्या निवडीने अल्बम छापला जाईल. मी एक महिना म्हणेन. बरीच घरं तर सांगतात, “तुम्हीच निवडा की.” आत्ताच्या सात अल्बमना हेच लावा. रोज एका घरी स्वतः फोन करा, त्यांचा फोन यायची वाट बघू नका, आणि पाळता येईल तीच तारीख द्या.

लॅबला एक प्रश्न विचारून ठेवा : फाइल कुठल्या कलर स्पेसमध्ये हवी? बहुतेक जण एसआरजीबी जेपीईजी सांगतील. मॉनिटरचा ब्राइटनेस पूर्ण ठेवून एडिट केलं की छापील शीट काळवंडलेली येते, आणि बोल लॅबला लागतो. कॅलिब्रेटर (मॉनिटरचे रंग जुळवणारं यंत्र) तीन-चार स्टुडिओंनी मिळून एक घेतला तरी भागतं.

साठवणुकीचा नियम जगभरचे फोटोग्राफर पाळतात आणि तो अमेरिकेतल्या पीटर क्रोग यांनी रूढ केला. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. तुमच्यापुरतं म्हणजे एक प्रत कॉम्प्युटरमध्ये, एक स्टुडिओतल्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि निवडलेल्या फोटोंची एक क्लाउडवर. दुसऱ्या हार्ड डिस्कवर ठेवलीत तर ती घरी न्या. स्टुडिओ आणि घर एकाच इमारतीत असेल तर भावाकडे ठेवा. फोल्डरला तारीख आधी आणि आडनाव नंतर, २०२५-१२-०७ आणि पुढे घराण्याचं नाव, म्हणजे दहा वर्षांनी मुलाच्या बारशाला कुणी लग्नाचा फोटो मागितला तरी सापडेल.

त्याच रात्री फोटो पाठवायची सोयही तुमच्याकडे आहे. जेवणावळी चालू असताना मोबाइलला टाइप-सी चा कार्ड रीडर लावा, रॉ सोबत जेपीईजी घेत असाल तर त्यातले दहा फोटो उचला, मोबाइलवरच थोडे उजळ करा आणि व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवले की ते दाबले जातात. रीलसाठी घरातल्या किंवा गावातल्या एखाद्या तरुण मुलीला-मुलाला दिवसाच्या मजुरीवर बरोबर घ्या. गिंबल लागलाच तर मोबाइलचा चालतो.

ड्रोन घेऊ नका. २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे रिमोट पायलटचा परवाना लागतो, आणि नोंदणीही आहेच. ज्याच्याकडे दोन्ही आहे त्याला त्या दिवसापुरता बोलवा. तो गावातला तरुणच असला तरी हरकत नाही. लग्नाच्या एकाच तिथीला चार-चार ऑर्डरी येतात तेव्हा एकमेकांचीच गरज पडते.

मग कर्जाचं काय? आत्ता कॉम्प्युटर आणि वर्गणी, जमलं तर स्वतःच्या पैशांतून. पुढची बॉडी चातुर्मासात घ्या. आषाढी एकादशी ते तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नसतात, तेवढ्यात हात बसतो. भर सीझनमध्ये नवी बॉडी हातात घेऊन लग्नाला जाऊ नका, मेनू शोधण्यातच मंगलाष्टकं संपतात. त्या वेळी फक्त बॉडी, एफटीझेड आणि एक कार्ड घ्या. झेड बॉडीवर २४-७० लावा, गळ्यातल्या डी७५० वर ८०-२०० किंवा ८५ लावा. लेन्स बदलायच्या भानगडीत पडावं लागणार नाही, दोन्ही जुन्या लेन्सचा ऑटोफोकस चालू राहील, आणि नव्या बॉडीची ईएन-ईएल१५सी बॅटरी डी७५० मध्येही चालेल, जरी मिररलेसला बॅटरी लवकर संपते. थोडं कर्ज काढावं लागलंच, तर मुद्रा योजनेच्या किशोर गटात ५० हजार ते ५ लाखांपर्यंत कर्ज मिळतं. बँकेत जाऊन व्याजाचा दर विचारा आणि दुकानातल्या ईएमआयच्या कागदाशी ताडून बघा. बिल पक्कं आणि वॉरंटी भारतातली घ्या. बाहेरून आलेला स्वस्त तुकडा दुरुस्तीला नेला की सर्व्हिस सेंटर हात वर करतं. बायकोला हे आकडे दाखवा. त्यांचा विरोध कर्जाच्या आकाराला असावा असं मला पत्रावरून वाटतं, धंद्याला नाही.

स्टेजमागे हल्ली एलईडीची भिंत असते, त्याबद्दल आत्ताच सांगून ठेवते. मिररलेसवर आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावलं की त्या भिंतीवर आणि कधी वधूवरांच्या चेहऱ्यावरही आडव्या पट्ट्या उमटतात. तिथे मेकॅनिकल शटर ठेवा. आपल्याकडचे दिवे विजेच्या ५० हर्ट्झमुळे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, म्हणून १/५० किंवा १/१०० च्या गतीवर पट्ट्या कमी होतात. भिंतीची स्वतःची लुकलुक वेगळी असते, तेव्हा कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी रिकाम्या स्टेजचे दोन-तीन फोटो घेऊन मोठे करून बघा.

हे वाचणाऱ्या कॅननवाल्यांसाठी : ईएफ माउंट १९८७ पासूनचा आणि त्यातल्या लेन्सची मोटर लेन्समध्येच असते, त्यामुळे आरएफ (कॅननच्या मिररलेस) बॉडीवर अडॅप्टर लावून त्या चालतात. तुम्हाला सगळ्या लेन्स एकदम बदलायची घाई नाही. आणि कुठल्याही कंपनीची लेन्स असो, पावसाळ्यात ती बॅगेत कोंडून ठेवू नका, बुरशी धरते. ड्राय कॅबिनेटमध्ये ४० ते ५० टक्के आर्द्रता ठेवा. ते परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल पुरतं. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळे करून घ्या, फक्त तो तवा पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका.

सातपैकी सगळ्यांत जुना अल्बम कुणाचा आहे ते आज बघा आणि उद्या सकाळी पहिला फोन त्यांना लावा.